उंबरठ्याला अडखळणारा सूर

९ जानेवारी

प्रिय मावशी,

टेम्पोवाल्याबरोबर बाबांचा ट्रान्समीटर पाठवते आहे. रिसीव्हर चालतो, म्हणून तो इथेच ठेवला. खोक्यात दोन जुन्या चादरी कोंबल्या आहेत, त्या परत पाठवायची गरज नाही.

फोन केला असता, पण मागच्या वेळी तू मला गॅसवाला समजलीस आणि सिलिंडर परवाच आला म्हणून ठेवून दिलास. तेव्हा पत्रच बरं.

बाबांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातात. त्यांना सगळं समजतं, सगळं ऐकू येतं, फक्त जीभ वळत नाही. बोलायला गेले की शब्दांचा लगदा होतो, आणि तो त्यांचा त्यांनाच ऐकू येतो, म्हणून त्यांनी बोलणं सोडलं आहे. डाव्या हाताने लिहितात, पण एका शब्दाला घाम फुटतो.

सकाळी त्यांचं आवरून मी कामावर जाते. दुपारी शेजारच्या काकू डोकावतात. संध्याकाळी मी येते तेव्हा ते टेबलाकडे तोंड करून बसलेले असतात. टेबलावर सेट, सेटवर धूळ. वर्षभर तो लावलेला नाही. गच्चीची गळती काढताना कामगारांनी एरियलची तार उतरवली, ती जिन्याखाली वेटोळं होऊन पडली आहे. मग लगेच बाबांचं हे झालं. दवाखान्याच्या खेपांत तार कुणाला आठवणार.

मागच्या रविवारी मी प्लग लावून पाहिला. आधी गुणगुण झाली, मग जळका वास आला. घाबरून काढला. बाबांनी कागदावर लिहिलं, ‘मावशी’. मला वाटलं तुझी आठवण झाली. मग त्यांनी सेटकडे बोट केलं.

त्यांची रविवारची मंडळी तुला ठाऊक आहेत. स्टेशनमास्तर, दंतवैद्य, आणखी दोघं. दर रविवारी सकाळी वायरलेसवर, हवेत भेटायचे, मोर्सची चावी कडकट्ट करत. एकमेकांना पाहिलंय कमी, ऐकलंय जास्त. त्यांच्यात बाबांना परत जाता आलं तर त्यांचा एक दिवस तरी बरा जाईल. माझाही.

मी थकले आहे, मावशी. तक्रार म्हणून नाही सांगत, माहिती म्हणून सांगते.

तुझी,
बारकी


२ फेब्रुवारी

बारके,

सेट पोचला. चादरी धुऊन ठेवल्या आहेत. तुझी आई चादरी अशा टाकत नसे.

उघडला तेव्हा आत कोळ्यांची वस्ती होती. कपॅसिटर फुगून फुटायच्या बेतात होते. प्लग लगेच काढलास ते बरं केलंस, नाहीतर वासावर भागलं नसतं. ते सगळे बदलले. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता, नवा घातला. सुकून तुकडे पडणाऱ्या वायरी काढल्या. माझी बोटं आता थरथरतात, त्यामुळे सोल्डर करताना मनगट पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून बसते. वेळ लागतो. इथे वेळच आहे.

एक गोष्ट सापडली. या सेटमध्ये जांभळा उजेड देणारा एक व्हॉल्व्ह असतो. चावी दाबली की वीज ओढली जाते आणि आतला दाब खाली येतो. हा व्हॉल्व्ह तो दाब हलू देत नाही, म्हणून सूर सरळ राहतो. भावोजींनी तो काढून टाकला होता आणि खालून एक तार मारून वाट जोडून दिली होती. तार सुबक मारली होती, ते मान्य करते. व्हॉल्व्ह जळला असेल आणि दुसरा मिळाला नसेल, असं धरून मी माझ्याकडचा बसवला.

आता सूर काठीसारखा सरळ आहे. माझ्या कानांना काही कळत नाही, पण मीटरवर पाहिलं. चावी दाबा, सोडा, आकडा ढिम्म हलत नाही. रेडिओच्या कारखान्यात चाचणी विभागात होते तेव्हा असा सेट टेबलावर आला की मला त्या दिवशीचा डबा गोड लागायचा. भावोजी मला पास-नापासबाई म्हणायचे. त्यांना सांग, पास.

झाकण उघडायचं नाही. बंद केल्यावरही आत वीज दबा धरून बसते. आम्ही काम करताना डावा हात पाठीमागे ठेवायचो, म्हणजे ती छातीतून आरपार जात नाही. तुझे दोन्ही हात बाहेरच राहू देत.

एरियल चढवायला गल्लीतला कुणी वायरमन बघ. तू स्वतः चढू नकोस.

मावशी


२३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सेट व्यवस्थित आला. वायरमनने तार चढवली आणि खाली उतरून विचारलं, यावर चॅनल किती दिसतात. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते हसणं तेवढंच.

पहिल्या रविवारी त्यांना टेबलाशी बसवलं, चावी उचलून डावीकडे ठेवली. त्यांनी आठवडाभर उशीवर बोट आपटून सराव केला होता. हात अडतो, पण अक्षरं बरोबर पडतात असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांनी आपली कॉल साइन पाठवली. ती हवेतली त्यांची ओळख, दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. ती लय मला झोपेतही ओळखू येते. पाठवली आणि थांबले. पुन्हा पाठवली. कुणी उत्तर दिलं नाही.

मंडळी नव्हती असं नाही. सगळे होते. आपसात बोलत होते. बाबा ऐकत होते आणि मधूनच एखादा शब्द माझ्यासाठी लिहीत होते. गुडघा. थंडी. कवळी.

दुसऱ्या रविवारी उत्तर आलं. बाबांनी ते लिहून काढलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘ही कॉल साइन गेलेल्या माणसाची आहे. लाज बाळगा.’

‘गेलेल्या’ या शब्दाखाली त्यांनी बोट ठेवलं होतं.

त्यांनी उलट पाठवलं की मीच आहे, आजारी होतो, आता डाव्या हाताने मारतो. त्यावर काही आलं नाही. चोरही हेच म्हणेल ना. बाबांनी मला लहानपणी समजावलं होतं की अक्षरावरून माणूस कळतो तसा चावीवरच्या हातावरून कळतो. कोण टिंब आखूड मारतं, कोण रेघ रेंगाळवतं. त्यांचा तो हात आता मांडीवर पडून असतो. या हाताला कुणी ओळखत नाही.

तेव्हापासून जेवण अर्धं टाकतात. मी ताट उचलून ठेवते. बोलून काय होणार.

बारकी


१ मार्च

बारके,

एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? फोन उचल आणि त्या स्टेशनमास्तरला सांग की माणूस जिवंत आहे, पक्षाघात झाला होता, आता डाव्या हाताने मारतो. माणूस गेल्याची बातमी कळवायला लोकांच्या जिवावर येतं. तुला उलटी बातमी द्यायची आहे.

भावोजींना विचारत बसू नकोस. ते नको म्हणतील. हे लोक हवेत एक असतात आणि जमिनीवर एक. जमिनीवरचं काम जमिनीवरून करून टाक.

त्यांचं जेवण सुटलं असेल तर भात मऊ कर आणि ताट लहान घे. लहान ताटातलं अर्धं टाकायला माणसाला संकोच वाटतो. तुझं स्वतःचं जेवण कसं आहे ते तू लिहिलेलं नाहीस.

मावशी


२० मार्च

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं. फोन केला. ऐकायला नको होतं, असंही म्हणवत नाही.

स्टेशनमास्तरांनी आधी बाबांचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, अहो, आम्ही मौन पाळलं.

झालं असं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा दंतवैद्य या बाजूला आले होते, म्हणून घरी डोकावले. घराला कुलूप. काकू गावाला. त्यांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं, तर एरियल नाही. या मंडळींत कुणी गेलं की उरलेले जाऊन त्याच्या घरावरची तार उतरवतात. तसा त्यांचा रिवाज आहे. दंतवैद्यांना वाटलं, घरच्यांनी आधीच उतरवली, आपल्याला कळवलंही नाही. फोन करून विचारायचं काही कारण उरलं नाही. पुढच्या रविवारी चौघांनी चाव्यांवरचे हात उचलले आणि बाबांसाठी हवा रिकामी ठेवली. दुसऱ्या कुणाच्या घरची तार उतरली तर लोक म्हणतील गच्चीचं काम निघालं असेल. यांना तेवढं सुचलं नाही.

स्टेशनमास्तरांनी माफी मागितली, एकदा नाही, बऱ्याचदा. येत्या रविवारी सगळे बोलतील म्हणाले.

बोलले. एकामागून एक आले. मला कडकट्ट समजत नाही, पण वेग समजतो. एक अक्षर, मग थांबायचे. मग दुसरं अक्षर. बाबांना मी भरवते तसं. घास पुढे करायचा आणि गिळला का ते पाहायचं.

बाबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्याच्या मध्येच पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा पडदा सारखा करायला लागले. त्यांनी सेट बंद केला.

मग लिहिलं, ‘तू सांगितलंस.’

मी हो म्हणाले. त्यांना उत्तर मिळावं म्हणून सांगितलं, म्हणाले. त्यांनी लिहिलं, ‘तुला उत्तर दिलं. मला नाही.’ एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल ते तूच समज. मी तोवर तिथेच उभी होते.

संध्याकाळी त्यांनी आणखी एक शब्द लिहिला, ‘सूर’. खाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशी, बाबांचा सूर सरळ कधीच नव्हता. प्रत्येक वेळी चावी दाबली की तो आधी जरासा वर उडायचा आणि मग जागेवर बसायचा. चिवक् असा. चौघांचे सूर सरळ आणि बाबांचा तसा. हात बदलला तरी त्यावरून त्यांना कुणीही ओळखलं असतं. तू दुरुस्त केलास तोच त्यांचा चेहरा होता.

तो परत घालता येईल का? सेट परत पाठवू?

बारकी


२८ मार्च

बारके,

त्या चिवक्‌ला दोष म्हणतात. त्याच्यावर लाल पट्टी लावायची आणि सेट परत पाठवायचा, एवढंच काम मी नोकरीभर केलं. आता तू मला तो पैदा करायला सांगतेस.

शिवाय ते वाटतं तितकं सोपं नाही. जांभळा व्हॉल्व्ह काढून भावोजींसारखी तार मारता येईल. पण त्यांचा दोष एकट्या व्हॉल्व्हचा नव्हता. जुने कपॅसिटर दमले होते, रेक्टिफायर दमला होता, वायरी दमल्या होत्या. सगळ्यांनी मिळून दाब कमी केला होता. आता सगळं नवं आहे. नुसता व्हॉल्व्ह काढला तर सूर जेमतेम हलेल. जुने भाग परत घालणार नाही, आग लागेल. म्हणजे मध्ये वीज अडवणारा रेझिस्टर घालून नवा सेट मुद्दाम दमवायला लागेल. किती दमवायचा ते मीटर सांगत नाही, कान सांगतो. माझ्याकडे कान नाही. इथे कुणी तो आवाज ऐकलेला नाही. तेव्हा सेट पाठवून उपयोग नाही.

यायचं म्हटलं तर मलाच यायला लागेल. तुमच्या पायऱ्या मला चढवत नाहीत हे मी तुला सांगत आले आहे. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. तो आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा माझे कान चांगले होते. ताई आतल्या खोलीत पडून होती. मी तिला भेटायला आले होते, आणि भावोजी बाहेर दार सताड उघडं टाकून चिवचिवत बसले होते. दार लावून घ्यावं एवढंही सुचू नये माणसाला. मी तशीच निघून गेले. त्यानंतर ती गेली.

तोच आवाज मी हाताने बनवून द्यायचा, असं तू म्हणतेस. विचार करते.

मावशी


५ एप्रिल

प्रिय मावशी,

दार आईच उघडं ठेवायला लावायची.

मी शाळेत होते तेव्हा बाबांनी एकदा सेटमध्ये काहीतरी नवीन बसवलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर कळलं, हाच तो जांभळा व्हॉल्व्ह असणार. त्या रविवारी आई स्वयंपाकघरात होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, आज तुम्ही बोलला नाहीत वाटतं. बाबा म्हणाले, दोन तास बोललो. ती म्हणाली, तुमचा तेवढा उंबरठ्याला अडखळून येतो, म्हणून मला कळतो. बाकीचे सगळे सारखेच वाटतात.

पुढच्या रविवारी अडखळणं परत आलं होतं. मंडळी त्यावरून बाबांची थट्टा करायची. बाबांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

आजारपणात तिला बाहेर आणून बसवणं शक्य नव्हतं, म्हणून दार.

पायऱ्यांना मी कठडा लावून घेतला आहे. बाबांसाठीच लावायचा होता. तू ये.

बारकी


३० एप्रिल

बारके,

घरी नीट पोचले. बसमध्ये शेजारच्या बाई सगळी वाट माझ्याशी बोलत होत्या. मी मान हलवत होते. उतरताना माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, बरं वाटलं, तुमच्याजवळ मन मोकळं झालं. माझ्याजवळ सगळ्यांचं होतं.

तू दिवसभर कामावर असायचीस, तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. घरात एक ऐकू न येणारी आणि एक बोलता न येणारे. फार शांत चाललं होतं आमचं. मी रेझिस्टर बदलायचे, ते डाव्या हाताने चावी दाबायचे, मी रिसीव्हरच्या स्पीकरवर बोट ठेवून बसायचे. बोटाला एवढंच कळतं की काहीतरी आहे. ते मान हलवायचे, नाही. मी बंद करायचे, आतली वीज काढून टाकायचे, दुसरा घालायचे. नाही. एकदा अडखळणं फारच झालं, तेव्हा त्यांनी तोंड वेडंवाकडं करून तोतऱ्या माणसाची नक्कल केली. बोलता येत नाही तरी थट्टा केल्याशिवाय राहत नाहीत. मी त्यांना लिहून दिलं, कान तुमचे, हात माझे, चुकलं तर दोघंही नापास.

ताईबद्दल आम्ही काही बोललो नाही. बोलणार कसे. पण मी दुपारी आडवी व्हायला आतल्या खोलीत गेले की ते सेट सुरू करायचे आणि काठीने दार ढकलून उघडं ठेवायचे. मला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या संध्याकाळी एका रेझिस्टरला त्यांनी मान हलवली नाही. होही म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले. मला वाटलं थकले. तेवढ्यात तुझी यायची वेळ झाली. त्यांनी मला खूण केली की थांब, आणि चावी दाबत राहिले. तू दारात चपला काढत होतीस. एक काढलीस आणि तशीच उभी राहिलीस, दुसरा पाय हवेत.

आम्ही दोघं तुझ्याकडेच पाहत होतो. तुला वाटलं असेल, ही म्हातारी माणसं अशी काय बघतायत.

तेवढीच चाचणी घेतली. झाकण लावून टाकलं.

कठडा घट्ट आहे. कुणाकडून लावून घेतलास?

मावशी


१५ मे

प्रिय मावशी,

रविवार झाला. लिहायला आज बसते आहे, कारण मधले दिवस माझा राग जात नव्हता.

बाबा लवकर उठले. दाढी करायला लावली. टेबलाशी बसले आणि कॉल साइन पाठवली. डावा हात तोच, हळू, अडत. पण प्रत्येक रेघ उंबरठ्याला अडखळत होती. हवेत चौघंही होते, बोलत होते. ते एकदम थांबले.

मला वाटलं, गेलं हेही.

मग स्टेशनमास्तर आले. या वेळी भरवणं नव्हतं. धो धो आले, पूर्वीच्या वेगाने. बाबांनी पेन्सिल उचललीसुद्धा नाही, नुसते ऐकत राहिले आणि खांदे हलवत हसत राहिले. काय म्हणाले ते मला नंतर कागदावर मिळालं. ‘अजून नीट चालता येत नाही का रे तुला? कुठे मेला होतास?’

मागून दंतवैद्य आले, मग बाकीचे दोघं. त्यांना या वेळी फोन कुणी केला नव्हता, मावशी. मी शपथेवर सांगते.

मग बाबांनी पाठवायला सुरुवात केली. खूप वेळ पाठवत होते. घाम पुसायला मी टॉवेल घेऊन उभी होते. मला वाटलं, आजारपण सांगत असतील. मध्ये कुणी तोंड घातलं नाही. शेवटी एक छोटी लय आली. ती मला लहानपणापासून माहीत आहे, रविवार संपला की यायची. आणि त्यांनी ट्रान्समीटर बंद केला. रिसीव्हर चालू ठेवला.

मग स्टेशनमास्तरांनी एकच ओळ पाठवली. ती बाबांनी हसत लिहून दिली. ‘तुझं मौन एकदा पाळून झालंय. पुन्हा मिळणार नाही.’

मला काही उमगेना. दुपारी स्टेशनमास्तरांचा फोन आला तेव्हा कळलं. बाबांनी एकेकाचं नाव घेतलं होतं, प्रत्येकाला काहीतरी म्हटलं होतं, आणि सांगितलं होतं की माझा हात थकला आहे, आता चावी खाली ठेवतो, हे माझं शेवटचं.

मी जानेवारीपासून टेम्पो, वायरमन, फोन करत होते ते त्यांना परत मंडळींत बसवायला. त्यांना निरोप घ्यायचा होता. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की सेट कशाला हवा. मी धरूनच चालले होते.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, एवढ्यासाठी?

त्यांनी लिहिलं, ‘हो.’

मी स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी आपटली. परत आले तेव्हा त्या ‘हो’च्या खाली आणखी एक ओळ होती. ‘न सांगता उठलो होतो.’

या रविवारी मी उशिरापर्यंत झोपले. कितीतरी दिवसांत अशी झोपले नव्हते. उठून पाहिलं तर बाबा पलंगावर बसून रिसीव्हर ऐकत होते. चावीकडे पाठ होती. चेहरा शांत होता. ताटातलं सगळं संपवलं.

स्टेशनमास्तर विचारत आहेत की ट्रान्समीटर द्यायचा असेल तर त्यांच्या ओळखीत एक नवीन बाई आहेत, परवान्याची परीक्षा पास झाल्या आहेत, सेट नाही. मी काही उत्तर दिलेलं नाही. तू काय म्हणतेस?

बारकी


२३ मे

बारके,

सेट द्यायला हरकत नाही. पडून राहिला की कपॅसिटर फुगतात, सगळं काम वाया जाईल.

मात्र आधी माझ्याकडे यायला हवा. मी घातलेला रेझिस्टर काढायचा आहे आणि जांभळा व्हॉल्व्ह परत बसवायचा आहे. त्या बाईंना सरळ सूर मिळायला पाहिजे. अडखळणं भावोजींचं होतं. ते सेटबरोबर दुसऱ्याला देता येत नाही, आणि त्या चौघांनी एखाद्या रविवारी ते दुसऱ्याच कुणाच्या हातून ऐकू नये.

पण हे सगळं मी ठरवायचं नाही आणि तूही नाही. भावोजींना विचार. या वेळी विचारच. ते हो म्हणाले तर टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दे, चादरी माझ्याकडे आहेत, त्या खोक्यात घालून सेट परत देईन. नाही म्हणाले तर राहू दे टेबलावर.

पायऱ्यांची आता मला अडचण वाटत नाही.

मावशी